लागलंच तर

राष्ट्राध्यक्ष रॉस डनिगन यांना खासदारांची नावं पाठ असायची, त्यांच्या बायकांची असायची आणि त्यांच्या कुत्र्यांचीही असायची. कुणाचं कुत्रं पोस्टमनला चावलं आणि कुणाचं म्हातारं होऊन दारात पडून असतं, हे ते फोनवर अशा काळजीने विचारायचे की बिलाचं नाव निघायच्या आत पलीकडचा खासदार पाघळलेला असायचा. कुत्र्यांची ही सगळी माहिती मी पुरवायचे. त्याचं श्रेय मला कधी मिळालं नाही आणि मी मागितलंही नाही. वॉशिंग्टनमध्ये मागून घेतलेलं श्रेय दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

मी नेल्डा स्ट्राउड. व्हाइट हाउसमध्ये एक छोटी कचेरी होती, तिचं काम एवढंच की राष्ट्राध्यक्षांच्या बिलांसाठी काँग्रेसमध्ये मतं जमवायची. तिथे सहा पुरुष आणि मी. आमचा प्रमुख गस ब्रॉडरिक, बॉस्टनचा आयरिश, तोंडात न पेटवलेली सिगार आणि जिभेवर कायम टोमणा. मला तो ‘बाईसाहेब’ म्हणायचा, आणि ते काही मानाने नव्हे. पण मतं मोजायची वेळ आली की माझ्याशिवाय त्याचं पान हलत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं.

डनिगन निवडून आले ते चार वचनं देऊन. ज्या काउंटीत डॉक्टर नाही तिथे सरकारी दवाखाना, शाळेत पोरांना दुपारचं गरम जेवण, खेड्यापाड्यांत डांबरी रस्ते आणि म्हाताऱ्यांसाठी स्वस्त घरं. चार वचनांची चार बिलं, आणि चारही याच काँग्रेसमध्ये, म्हणजे जानेवारीत नवे खासदार शपथ घ्यायच्या आत पास व्हायला हवी होती. पहिलं होतं दवाखान्यांचं. सेनेटमधून ते कसंबसं निघालं होतं, आता गाडी प्रतिनिधिगृहात अडली होती. ते पडलं असतं तर उरलेली तीन कुणी उघडूनही बघितली नसती.

त्या बिलात माझा जीव अडकला होता, हे आधीच सांगून टाकते. माझ्या डाव्या कोपरावर अकरा टाक्यांची खूण आहे आणि ते टाके गुरांच्या डॉक्टरने घातलेत. मिझुरीच्या दक्षिणेला, ओझार्कच्या डोंगरात, आमच्या काउंटीत माणसांचा डॉक्टरच नव्हता. त्याने मला भूल दिली नाही, कारण औषध किती द्यायचं ते त्याला फक्त वासराच्या वजनावरून कळायचं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने हात चांगला शिवला. राग याचा, की तेवीस वर्षांनंतरही आमच्या काउंटीतली माणसं त्याच्याच गोठ्यात जात होती.

आमच्या त्या डोंगराचा खासदार होता वेंडेल क्रॅबट्री. व्हाइट हाउसमध्ये यायच्या आधी सहा वर्षं मी त्याची पत्रं टाइप केली होती. उंच, वाकलेला, गालफडं बसलेली, आणि आवाज असा हळू की समोरच्याला पुढे झुकावं लागे. अठरा वर्षं तो निवडून येत होता. माणूस मनाने आमच्या बाजूचा, पण मत मात्र जवळजवळ नेहमी पलीकडे. मतदारसंघातल्या एकुलत्या एका मोठ्या गावातले डॉक्टर, त्यांची संघटना आणि त्यांच्याच मेव्हण्याचं वर्तमानपत्र, या सगळ्यांना सरकारी दवाखाना म्हटलं की मिरच्या झोंबायच्या. त्यात ऑगस्टमध्ये पक्षाची उमेदवारी ठरवणारी निवडणूक, आणि समोर बड हॅस्किन्स उभा. हॅस्किन्स ट्रॅक्टर विकायचा, अख्ख्या डोंगराला नावाने हाका मारायचा आणि क्रॅबट्री कधी घसरतोय याची वाट बघत बसला होता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. काही खासदार राष्ट्राध्यक्षांना म्हणतात, माझं मत लागलंच तर घ्या, नाही लागलं तर मला विरोधात जाऊ द्या. मग मतदानाच्या वेळी ते गप्प बसून राहतात. नावं दोनदा पुकारली जातात, दोन्ही वेळा ते ओ देत नाहीत. शेवटी बिल आपलं आपण तरतंय असं दिसलं की त्यांना सोडायचं, ते निवांत ‘नाही’ म्हणतात आणि घरी जाऊन छाती काढून सांगतात की मी विरोध केला. बुडतंय असं दिसलं तर त्यांना बोलवायचं. आम्ही त्यांना ‘लागलंच तर’वाले म्हणायचो. त्यांना जपून वापरणं हीच आमची कारागिरी, आणि नको तेव्हा वापरणं यासारखं दुसरं पाप नाही.

मतदानाच्या आठ दिवस आधी डनिगननी क्रॅबट्रीला नाश्त्याला बोलावलं. सॉसेज, बिस्किटं (आमच्याकडचे छोटे मऊ पाव) आणि वर पांढरी ग्रेव्ही, म्हणजे खास डोंगराकडचा बेत. तोही मीच सुचवला होता. राष्ट्राध्यक्षांनी आधी क्रॅबट्रीच्या शिकारी कुत्रीची चौकशी केली, मग त्याच्या पत्नीच्या गुडघ्याची, आणि मग खुर्ची इतकी जवळ ओढली की दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

“वेंडेल, मला तुझं मत हवंय.”

“हवंय, की लागतंय?” क्रॅबट्रीने हळूच विचारलं. “या दोन्हींच्या मध्ये माझी खुर्ची आहे, अध्यक्षसाहेब. लागलंच तर मी आहे. नाही लागलं तर मला ‘नाही’ म्हणू द्या.”

डनिगननी त्याचा हात दाबला आणि बदल्यात काय हवं ते विचारलं. लोक पूल मागायचे, पोस्ट ऑफिस मागायचे, एकाने तर सासऱ्यासाठी न्यायाधीशपद मागितलं होतं. क्रॅबट्रीने काहीच मागितलं नाही. बिस्किटाने ताटलीतली ग्रेव्ही पुसून त्याने खाल्लं आणि उठला.

तो गेल्यावर डनिगन माझ्याकडे वळले. “नेल्डाबाई, हा माणूस जपून ठेवा. एका मताने जिंकलो तरी आपण जिंकलोच. तीन मतांनी जिंकलो तर एक माणूस उगाच मारला. ही माणसं परत निवडून आली नाहीत तर पुढच्या वर्षी मी कुणाच्या कुत्र्याची चौकशी करू?”

क्रॅबट्री बाहेर हिरवळीवर माझी वाट बघत उभा होता. पक्षप्रतोदावर माझा विश्वास नाही, क्रॅबट्री म्हणाला, तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवेल आणि मला कळायचं नाही. मला तूच खूण कर. मग आम्ही ठरवलं की मी वरच्या गॅलरीत बसेन आणि माझी टोपी मांडीवर असेल. टोपी डोक्यावर चढली तर तो ‘होय’ म्हणेल. मांडीवरच राहिली तर मोकळा. त्या काळी बाया टोपी घालून गॅलरीत बसत, त्यामुळे कुणाला संशय येणार नव्हता. सोडायची वेळ आलीच तर सगळ्यांत आधी तुम्हालाच सोडेन, असा शब्दही मी त्याला दिला. शनिवारी मी दुकानात जाऊन लाल रंगाची, फळांच्या टोपलीएवढी टोपी विकत आणली. गसने ती बघितली आणि विचारलं, ही खूण आहे की धोक्याचा बावटा.

पुढचे आठ दिवस काय धमाल होती म्हणून सांगू! सकाळी सातपासून फोन. डनिगन एकाला बोटीवर न्यायचे, दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे, तिसऱ्याला दम द्यायचे आणि लगेच चौथ्याला हसवायचे. एकदा तर ते टेबलावर पाय टाकून एका पिट्सबर्गच्या खासदाराशी पाऊण तास फक्त बेसबॉलवर बोलले, फोन ठेवला आणि म्हणाले, लिहा, होय. आमच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली नावं ‘नाही’कडून ‘बघू’कडे आणि ‘बघू’कडून ‘होय’कडे सरकत होती. मला भूक लागत नव्हती, झोप लागत नव्हती आणि आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आपण काहीतरी घडवतोय आणि ते खरंच घडतंय, असे दिवस माणसाला फार मिळत नाहीत.

गुरुवारी मतदान. सकाळी आमच्या कागदावर दोनशे बारा ‘होय’ होते आणि तीन ‘लागलंच तर’वाले: क्रॅबट्री, ओहायोचा एक आणि नेब्रास्काचा एक. बाकीच्या दोघांना खूण करायची ती प्रतोदाने. शिवाय आमच्या बाजूचे समजलेले दोन खासदार गावी गेले होते, दोघांच्याही कचेरीतून सांगितलं की घरी मयत झालंय. गसने सिगार तोंडातून काढली.

“मतदानाच्या दिवशी दोन घरी दोन मयतं? बाईसाहेब, हे दोघं कुठेतरी दडून बसलेत. दुसरा पुकारा संपला तरी घाई करायची नाही. बिळातले बाहेर यायचे असतात. सभापती कागद हातात घेईपर्यंत ती तुझी भोपळ्याएवढी टोपी मांडीवरच राहू दे.”

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

गॅलरीत कागदपेन्सिल चालत नाही, रखवालदार लगेच काढून घेतात. म्हणून मी कोटाच्या खिशात पांढरे घेवड्याचे दाणे घेऊन गेले होते. ‘होय’ आलं की एक दाणा उजव्या खिशात, ‘नाही’ आलं की डाव्या. खाली सभागृह गच्च भरलं होतं. क्रॅबट्री पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याच्या बाकावर बसावं तसा बसला होता. कारकुनाने नावं पुकारायला सुरुवात केली आणि माझ्या दोन्ही हातांना काम लागलं.

पहिला पुकारा आमच्या कागदाबरहुकूम गेला. क्रॅबट्रीचं नाव आलं, तो छताकडे बघत राहिला. कारकून क्षणभर थांबला आणि पुढे गेला. मग दुसरा पुकारा सुरू झाला, उशिरा आलेल्यांचा आणि गप्प बसलेल्यांचा. टेनेसीच्या ज्या एकाला आम्ही ‘होय’मध्ये धरला होता, तो आलाच नाही, नंतर कळलं की त्याची गाडी खरोखरच पुलावर बंद पडली होती. तरीही धीर होता. पण तेवढ्यात ओहायोचं नाव आलं, आणि तो पठ्ठ्या कुणाकडेही न बघता उभा राहिला आणि खणखणीत आवाजात ‘नाही’ म्हणाला. प्रतोदाने कपाळाला हात लावला. आमच्या हातावर तुरी दिल्या होत्या त्याने.

मी दाण्यांचा हिशेब केला. उजव्या खिशात दोनशे अकरा, डाव्या खिशात दोनशे बारा. उरले नेब्रास्का आणि क्रॅबट्री. दोघेही लागत होते. पुकारा संपला. समोरच्या बाकांवरून विरोधक उठून सभापतींकडे बघू लागले, कुणीतरी हाताची मूठ टेबलावर आपटून ‘निकाल, निकाल’ असं म्हणू लागला, आणि मला वाटलं की आता सभापती बोलणार आणि सगळं संपणार. गसचं बोलणं माझ्या डोक्यातून साफ उडालं. डोळ्यांपुढे फक्त तो गोठा आणि शिवणाची सुई होती. मी टोपी उचलली आणि डोक्यावर घातली.

क्रॅबट्रीने वर बघितलं. मग तो उठला. सभापतींच्या समोर जी मोकळी जागा आहे तिथे जाऊन उभा राहिला. नेब्रास्काचा त्याच्या मागे गेला. सभापतींनी विचारलं की सन्माननीय सदस्यांचं मत काय, आणि क्रॅबट्री म्हणाला, “होय.” त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, तरी सभागृह इतकं शांत होतं की मला वर ऐकू आलं. नेब्रास्काही ‘होय’ म्हणाला. दोनशे तेरा, दोनशे बारा. माझ्या शेजारची एक अनोळखी बाई माझा दंड धरून रडत होती आणि मी तिला धरून हसत होते.

आणि मग मागचं दार उघडलं.

ते दोघे आत आले, मयतवाले. धावत आले. काँग्रेसच्या तळघरात खासदारांसाठी न्हाव्याचं दुकान आहे, तिथे ते दोन तास तोंडाला फेस लावून बसले होते आणि न्हाव्यालाच वर पाठवून आकडे मागवत होते. निकाल एकदोन मतांवर आलाय हे कळताच त्यांना बिल जिंकून देणाऱ्यांत बसायची घाई झाली. एकाच्या कानामागे अजून साबण होता. सभापतींनी नियमाप्रमाणे गंभीर चेहऱ्याने विचारलं की आपलं नाव पुकारलं तेव्हा सन्माननीय सदस्य सभागृहात हजर होते का आणि ऐकत होते का. कानामागे साबण असलेला म्हणाला, होतो, आणि लक्षपूर्वक ऐकत होतो. सगळं सभागृह खो-खो हसलं. दोघांनीही ‘होय’ म्हटलं.

दोनशे पंधरा, दोनशे बारा. मला हसू आलं नाही. एका क्षणात हिशेब कळला: क्रॅबट्री लागतच नव्हता. मी पाच मिनिटं थांबले असते तर तो आत्ता निवांत ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता. पण अजून वेळ गेली नव्हती. सभापतींनी निकाल वाचेपर्यंत कुणालाही पुढे येऊन आपलं मत बदलता येतं. त्याने ‘नाही’ म्हटलं असतं तरी दोनशे चौदा, दोनशे तेरा. बिल पासच होतं.

मी टोपी काढली. क्रॅबट्री खालीच उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. मी टोपी मांडीवर ठेवली, परत उचलून परत ठेवली. त्याने नजर वळवली. मी उभी राहिले आणि टोपी कठड्यावरून हलवू लागले, तशी रखवालदाराने येऊन दरडावलं की मॅडम, खाली बसा, नाहीतर बाहेर जावं लागेल. खाली क्रॅबट्री सावकाश चालत आपल्या जागेवर गेला, बसला आणि त्याने हात परत मांडीवर ठेवले. सभापतींनी कागद हातात घेतला. बिल पास झालं.

खाली जो कल्लोळ झाला त्यात मी जिन्यावरून धावत उतरले. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते, कुणीतरी माझ्या हातातली टोपी घेऊन हवेत उडवली, ती मला परत मिळाली नाही. मला आनंद झाला होता, मरणाचा आनंद झाला होता, आणि त्याच वेळी कुणाला तरी थोबाडावं असं वाटत होतं. क्रॅबट्री सभागृहाबाहेरच्या दालनात एका खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्यावर ओरडलेच. म्हटलं, साहेब, मी तुम्हाला सोडलं होतं, दोनदा सोडलं, डोळे फुटलेत का तुमचे?

“दिसली की,” तो म्हणाला. “एवढी मोठी टोपी कुणाला दिसणार नाही? मला वाटलं तू आता वरून उडी मारतेस.”

“मग?”

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. त्याचा चेहरा एखाद्या मुलासारखा झाला होता.

“पोरी, अठरा वर्षांत मी अकरा वेळा ‘लागलंच तर’ म्हणून त्या पहिल्या रांगेत बसलोय. चार राष्ट्राध्यक्षांसाठी. अकराही वेळा मला सोडलं. अकराही वेळा मला जे हवं होतं ते पास झालं आणि मी उठून ‘नाही’ म्हणालो आणि घरी जाऊन त्याच डॉक्टरांच्या घरी तळलेला मासा खाल्ला. इतकं जपलं मला सगळ्यांनी, की माझं मत कधी कुणाला लागलंच नाही. आज पहिल्यांदा ‘होय’ म्हटलं. तोंडात अजून त्याची चव आहे. आणि तू म्हणतेस ते परत गिळ?”

 मी म्हटलं की चूक माझी होती, मी घाई केली. तो म्हणाला, बरं झालं केलीस, थांबली असतीस तर बारावी वेळ झाली असती.

संध्याकाळी डनिगननी आम्हा सगळ्यांना बोलावलं. ते खोलीभर फिरत होते, एका जागी उभे राहवत नव्हतं. गसला त्यांनी मिठी मारली, मला दोन्ही हातांनी धरून हलवलं, टाइपिस्टला बर्बन व्हिस्की ओतून दिली. मग थांबले आणि विचारलं, आकडा काय.

“दोनशे पंधरा, दोनशे बारा,” मी म्हटलं.

“म्हणजे एक जास्त.” त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. “कुणाला उगाच मारलं?”

मी खरं ते सांगितलं. माझी घाई, न्हाव्याचं दुकान, आणि क्रॅबट्रीने मोकळं असून मत न बदललेलं.  डनिगन खिडकीशी गेले. मग म्हणाले की मला आजवर लोकांनी मतं विकली, उसनी दिली, डोळ्यांत पाणी आणून दिली, पण नको असताना कुणी दिलं नव्हतं. त्याला काय देऊ, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो मागणार नाही.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. डोंगरातल्या त्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर क्रॅबट्रीचा फोटो छापला आणि खाली लिहिलं की हा माणूस तुमच्या डॉक्टरला सरकारी नोकर करतोय. हॅस्किन्सने ट्रॅक्टरवर कर्णा लावला. जुलैअखेर मी रजा काढून गेले आणि चार दिवस त्याच्यासाठी दारं ठोठावली. लोक मला लिंबाचं सरबत द्यायचे, आईची चौकशी करायचे आणि मताचं नाव काढलं की जमिनीकडे बघायचे. ज्या तीन काउंटींत दवाखाना येणार होता तिथे तो जिंकत होता, पण तिथे माणसंच थोडी. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी मतदान झालं. वेंडेल क्रॅबट्री सहाशे चाळीस मतांनी हरला.

बुधवारी सकाळी मी कचेरीत टेबलावर डोकं ठेवून बसले होते. शाळेतल्या जेवणाचं बिल समितीत अडकलं होतं, रस्त्यांचं बिल मोजताना पाच मतं कमी पडत होती, घरांच्या बिलाला तर कुणी हात लावायला तयार नव्हतं. सहाशे चाळीस माणसं, एवढी तर आमच्या गावच्या शाळेच्या मैदानात मावतात. गस कॉफी घेऊन आला आणि टोमणा न मारता माझ्यासमोर ठेवून गेला, तेव्हा मला खरंच रडू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

“रडतेयस ना?” क्रॅबट्रीचा आवाज. पण तो नेहमीचा हळू आवाज नव्हता, रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “नाक पूस आणि ऐक. हॅस्किन्स नोव्हेंबरात निवडून येईल, पण बसणार जानेवारीत. तोपर्यंत त्या खुर्चीवर मी आहे. पाच महिने, नेल्डा. आता मला ना कुणी पाडू शकतं, ना कुणी मला सोडायची गरज आहे.”

मी नाक पुसलं. पलीकडे कुत्री भुंकत होती आणि त्याची बायको तिला गप्प करत होती.

“मी रविवारच्या गाडीने येतोय,” तो म्हणाला. “समितीतले दोघं माझे जुने मित्र आहेत, त्यांच्याशी मी बोलतो. आता वाचून दाखव बघू, काय काय उरलंय.”

मी वाचू लागले.